अर्ध्या युनिटाचा हिशेब

आत्या सोलापूरच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आहेत. भाचा पुण्याचा, विद्युत अभियंता. सध्या जैसलमेर जिल्ह्यात सौरप्रकल्पांसाठी जागा बघण्याचं काम करतो. ऑक्टोबर सुरू आहे. पाऊस होऊन गेला आहे, थंडी यायची आहे. जैसलमेरच्या पश्चिमेला, सेवण गवताच्या एका पट्ट्यात दोघं गाडीतून उतरली आहेत. थरचं हे वाळवंट भाच्याला मोकळं दिसतं आणि आत्यांना भरलेलं. वाद तिथूनच सुरू होतो.

भाचा : बघ आत्या, नजर जाईल तिथवर. घर नाही, पीक नाही, माणूस नाही. वर्षाला पंधरा-वीस सेंटिमीटर पाऊस पडला तर पडला. ऊन मात्र मुबलक. इथे एका चौरस मीटरवर वर्षभरात साधारण २,००० युनिट ऊर्जा उन्हातून येते. त्यावर पॅनेल अंथरलं तर वीस टक्के, म्हणजे ४०० युनिट वीज मिळते. आता तुझ्या गवताचं सांग.

आत्या : मांडू की हिशेब. चांगल्या पावसाच्या साली इथे हेक्टरी टनभर वाळलेलं गवत निघालं असं धर. म्हणजे चौरस मीटरला शंभर ग्रॅम. ते जाळून जी उष्णता मिळेल ती तुझ्या भाषेत झाली अर्धा युनिट.

भाचा : दोन हजारांतला अर्धा!

आत्या : मुळं धरलीस तर एक म्हण. दुष्काळात तोही नाही.

भाचा : मग भांडतेस कशाला? निसर्गाने जे ऊन वाया घालवलं, ते आम्ही वापरतो.

आत्या : आकडा मला मान्य आहे, ‘वाया’ मान्य नाही. आधी सांग, गवत इतकं कमी का घेतं? ऊन कमी पडतं म्हणून?

भाचा : पाणी नाही म्हणून.

आत्या : बरोबर. पानाला हवेतला कार्बन घ्यायचा तर छिद्रं उघडावी लागतात, आणि उघडली की त्याच वाटेने पाणी उडून जातं. सेवण त्यातल्या त्यात काटकसरी. मका, ज्वारी, ऊस ज्या पद्धतीने कार्बन पकडतात तीच याची पद्धत. थोड्या पाण्यात जास्त काम. तरीही वर्षातले मोजके आठवडे सोडले तर धंदा बंदच. इथल्या सगळ्या जगण्याची नाडी ऊन नाही, पाऊस आहे. इम्मानुएल नॉय-मायर नावाच्या इस्रायली शास्त्रज्ञाने १९७३ साली हे नीट मांडलं. वाळवंटात पाऊस ठोक्यासारखा येतो. एक ठोका पडला की उत्पादनाची उसळी येते. त्यातलं बरंचसं मरतं किंवा खाल्लं जातं, आणि उरलेलं साठ्यात जातं. पुढचा ठोका पडेपर्यंत तग धरायची ती त्या साठ्यावर.

भाचा : साठा कुठे आहे? मला तर वाळू दिसतेय.

आत्या : खाली बस. हा सेवणाचा ठोंब बघ. वरच्या काड्या पिवळ्या पडल्यात, वाऱ्याने निम्म्या मोडल्यात. आता बुडख्यापाशी बोट घाल. वाऱ्याबरोबर आलेली वाळू अडून त्याच्याभोवती छोटा उंचवटा झालाय. काड्या बाजूला कर. आत हिरवट, टणक कोंब दिसतात? पुढच्या पावसाची वाट बघत बसलेत. ठोंब नीट राखला तर वीस वर्षंसुद्धा जगतो. म्हणजे तू ज्याला वाळू म्हणतोस त्यात वीस वर्षांचं भांडवल गाडलेलं आहे. शिवाय वर्षायू गवतांचं बी वाळूत पडलंय ते वेगळंच. गावाकडे कणगी असायची ना, तशी ही जमीन. धान्य बाहेर दिसत नाही म्हणून घर उपाशी आहे असं कुणी म्हणत नाही.

भाचा : आणि ती झाडं?

आत्या : ती खेजडी. आपल्याकडे दसऱ्याला शमी म्हणून पुजतो तीच. तिची मुळं इतकी खोल जातात की वरच्या पावसाशी तिचं थेट देणंघेणं उरत नाही. त्यामुळे सगळं रान करपलेलं असतं तेव्हा, ऐन उन्हाळ्यात, तिला नवी पालवी फुटते आणि मे-जूनमध्ये शेंगा येतात. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे याच शेंगा. आणि केर, म्हणजे आपली नेपती, तिने पानांचा नादच सोडला. हिरव्या फांद्यांनीच अन्न करते. उत्पन्न थोडं आहे खरं, पण ते एकाच वेळी एकाच खिशात पडत नाही. गवताचं पावसानंतर, खेजडीचं उन्हाळ्यात, बोराटीचं थंडीत. खाणाऱ्याला बाराही महिने काही ना काही मिळावं ते यामुळेच.

भाचा : ठीक. साठा झाला, हप्ते झाले. पुढे दर पायरीला दहा टक्के, हे आम्ही शाळेत घोकलंय. गवत, टोळ, सरडा, ससाणा. अर्ध्या युनिटाचे दर पायरीला दहा भाग करत गेलीस तर ससाण्याच्या चोचीत उरणार काय?

आत्या : तो दहाचा नियम कुठून आला ठाऊक आहे? रेमंड लिंडमन नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या मिनेसोटात सीडर बॉग लेक या तळ्याचा अभ्यास केला, त्यातून. १९४२ साली लेख छापून आला, पण तो स्वतः सत्ताविशी गाठायच्या आतच वारला होता. एका पायरीची ऊर्जा वरच्या पायरीला किती पोचते, हा प्रश्न नीट विचारणारा तो. दहा टक्के ही ढोबळ सरासरी. प्रत्यक्षात पाचही असतात, वीसही. आणि हे तळ्याचं गणित होतं. वाळवंटात त्याला दोन दुरुस्त्या कराव्या लागतात.

भाचा : पहिली?

आत्या : गवत, टोळ, सरडा ही रांग पुस्तकात छान दिसते. पण इथलं बरंचसं गवत हिरवं असताना कुणी खातच नाही. ते वाळतं, आणि मग त्याची गिऱ्हाइकं येतात. ही काडी बघ. वरून मातीचा पातळ लेप आहे. नखाने खरवड जरा.

भाचा : आत पोकळ आहे! काडीच नाही. नुसती मातीची नळी उरलीय.

आत्या : वाळवी. उन्हात बाहेर पडली तर सुकून मरेल, म्हणून आधी मातीचं छप्पर बांधते आणि त्याखाली बसून काडी संपवते. वाळलेल्या शेणाच्या पोवट्या उलटून बघ, तिथेही तीच. ओलाव्याच्या प्रदेशात हे काम बुरशी आणि जिवाणू करतात. इथे त्यांना लागणारी ओल वर्षातले थोडे दिवस असते. उरलेलं काम वाळवी करते, आणि गंमत म्हणजे ऊन करतं. अर्जेंटिनात पॅटागोनियाच्या कोरड्या माळावर २००६ साली संशोधकांनी दाखवून दिलं की पाचोळ्याचं विघटन मुख्यतः उन्हामुळेच होत होतं. तेव्हा तू म्हणतोस ते ‘वाया’ गेलेलं ऊनही इथे रिकामं बसलेलं नाही. आता वाळवी कोण खातं? मुंग्या, पाली, सरडे, हुदहुद. म्हणजे मेलेल्या गवतावरच एक दुसरी, तितकीच मोठी साखळी उभी आहे.

भाचा : आणि दुसरी दुरुस्ती?

आत्या : तू आणि मी जेवतो त्यातलं बहुतेक सगळं अंग गरम ठेवण्यात आणि शरीर चालवण्यात जातं. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेतली एक ते तीनच टक्के नव्या मांसात घालतात. कीटक, सरडे यांना अंग तापवायचा खर्चच नाही, ते काम ऊन फुकट करतं. त्यामुळे तेवढ्याच खाण्यात त्यांचं मांस कितीतरी जास्त तयार होतं. म्हणून वाळवंटात सरडे, साप, पाली इतक्या. मिळकत लहान असेल तर ज्याचा घरखर्च कमी तोच टिकणार. ते समोर बीळ दिसतंय? तोंड बसकं, अर्धवर्तुळाकार.

भाचा : सांडा. आमचे मजूर ओळखतात. तेलासाठी मारायचे म्हणे लोक.

आत्या : अजूनही मारतात. भाकड समजुती. पण हा प्राणी बघ कसा आहे. सरडा असून शाकाहारी. गवत-पाला थेट खातो, म्हणजे मधली एक पायरीच गाळून टाकली. सकाळी बिळाच्या तोंडाशी बसून अंग तापवून घेतो, मग चरतो. थंडी पडली की तोंडाला मातीचा बोळा घालून आत निजतो, तेव्हा खर्च जवळजवळ शून्य. लग्गड ससाणा, वाळवंटी कोल्हा, रानमांजर, घोरपड, सगळ्यांचं याच्यावर लक्ष. त्या अर्ध्या युनिटातून ससाण्यापर्यंत काही पोचतं ते असल्या काटकसरी दलालांमुळे. मात्र पोचतं ते इतकं विरळ, की ससाण्याला ते वेचायला मोठा मुलूख लागतो.

भाचा : हे पुराण ऐकायला गोड आहे. पण ठोक्याची दुसरी बाजू सांगू? २०१८ साली दोन चक्रीवादळांचा पाऊस अरबस्तानच्या रुब अल खालीत पडला. तिथे टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या वाढल्या, पुढे आफ्रिकेत, इराण-पाकिस्तानात पसरल्या. २०१९ मध्ये ते इथे आले आणि २०२० च्या मे महिन्यात अमरावती-नागपूरच्या संत्र्यांवर जाऊन बसले. ओसाड जागेत पडलेल्या पावसाचं बिल विदर्भाने भरलं.

आत्या : उदाहरण उत्तम. बघ म्हणजे, ज्या वाळूत तुझ्या मते काहीच नव्हतं, तिथला साठा एका पावसाने जागा झाला आणि हजारो किलोमीटर धावला. वाळवंट आपल्या हद्दीत राहत नाही. उलट बाजूही आहे. त्याच टोळांवर भोरड्या, ससाणे, माळढोक ताव मारतात. ठोका पडतो तेव्हा खाणारे हजर असले तर बरं, एवढाच बोध मी घेते.

भाचा : माळढोक आलाच. मला वाटलंच होतं येणार.

आत्या : येणारच. गवताचं बी, बोरं, नेपतीची फळं, टोळ, भुंगेरे, सरडे, सगळं खातो तो. कुठल्याच एका पायरीवर अवलंबून नाही. इतक्या मोठ्या, दहा-पंधरा किलोच्या पक्ष्याला इथे जगायचं तर दुसरा मार्गच नाही: मिळेल ते खा आणि लांबवर फिर. अंडं बहुधा एकच घालतो, तेही जमिनीवर. अशा प्राण्याच्या वाट्याला अपघात आले की भरपाई होत नाही. आणि अपघात आणता तुम्ही. डोळे बाजूला, समोरचं नीट दिसत नाही, जड अंग, ऐनवेळी वळता येत नाही. सरळ विजेच्या तारांवर आदळतो.

भाचा : मी नाकारत नाही. आज दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरलेत, हे आमच्याही फायलीत आहे. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या मुलखातल्या तारा जमिनीखालून न्या म्हटलं. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलला, तज्ज्ञांची समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. दोन्ही बाजू एका निकालात आहेत आत्या. चंद्रपूरला कोळसा जळतो तेव्हा तो धूर कुणाच्या छातीत जातो? तापमान असंच वाढत गेलं तर तुझ्या सेवणाला पाऊस कधी मिळेल हे तू सांगू शकशील? मी इथे कुणाला मारायला आलेलो नाही. कोळशाला पर्याय द्यायला आलोय.

आत्या : हे तुझं म्हणणं मी मोडून काढू शकत नाही, आणि काढायचंही नाही. मला विजेची गरज कळते. जागा कळत नाही.

भाचा : मग जागेचंच बोलू. फलोदीजवळचा भडला प्रकल्प बघ. २,२४५ मेगावॉट, जमीन सुमारे ५,७०० हेक्टर. थरचा भारतातला विस्तार जवळपास दोन लाख चौरस किलोमीटर. आमचा घास केवढा? आणि खरं सांग, सेवण कुणी संपवलं? सौरवाल्यांनी? ट्रॅक्टरने. इंदिरा गांधी कालवा आला, लोकांनी नांगर घातला, ठोंब मुळासकट उपटले. उरलेलं शेळ्यामेंढ्यांनी खाल्लं.

आत्या : निम्मं मान्य. ट्रॅक्टर आणि कालवा, शंभर टक्के. कालव्याने पाण्याची पातळी वर आणली, कित्येक ठिकाणी जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या, तेही खरं. शेळ्यामेंढ्यांचं मात्र सरसकट बोलू नकोस. पाऊस एका गावात पडतो, शेजारच्या गावात पडत नाही. चारा जिथे आहे तिथे जनावर न्यायचं, हेच इथल्या गुराख्यांचं शास्त्र. राईका उंट-मेंढ्या घेऊन फिरतात ते याच हिशेबाने, आपले धनगर फिरतात तसेच. दुष्काळासाठी राखीव म्हणून ओरण ठेवली. देवाच्या नावाची जमीन, तिथे कुऱ्हाड लावायची नाही. जनावर एका जागी कोंडलं की गवत संपतं. फिरतं राहिलं की ठोंबाला उसंत मिळते. आणि फिरायच्या वाटेत कुंपण कोण घालतंय?

भाचा : कुंपण कायद्याने लागतं. पण पॅनेलखाली सावली असते, पॅनेल धुतलेलं पाणी पडतं, तिथे गवत बाहेरच्यापेक्षा चांगलं वाढतं. चीनमध्ये छिंगहाई प्रांतात पॅनेलखाली मेंढ्या चारतात. आपणही करू.

आत्या : करा, जरूर करा. कापून आणि विष मारून मोकळं करण्यापेक्षा लाखपटीने बरं. पण मेंढी चरली म्हणजे वाळवंट टिकलं असं समजू नकोस. बुलडोझरने जमीन सपाट केलीस की सांड्याचं बीळ गेलं, ठोंब गेला, वरचा घट्ट थर फुटला, वाळू उडायला लागली. वरून पुन्हा गवत उगवलं तरी ते बहुधा वर्षायू. पावसात हिरवं, मग काही नाही. उत्पन्न कदाचित वाढेल, साठा जाईल. आणि दुष्काळात जगवतो तो साठा.

भाचा : मग तुझा उपाय काय? हात लावायचा नाही? राष्ट्रीय मरू उद्यान आहेच की, ३,१६२ चौरस किलोमीटर. सम आणि रामदेवऱ्याला माळढोकाची पिल्लं केंद्रात वाढवतायत. ते त्यांच्या जागी, आम्ही आमच्या.

आत्या : हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला. नान्नजचं माळढोक अभयारण्य. १९७९ साली जाहीर झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, सोलापूर शहराचा भागसुद्धा. लोकांची अडचण झाली, साहजिकच चिडले. पुढे कापून १,२२२ वर आणलं. दरम्यान माळ नांगरला गेला, ऊस आला, आणि कुठे ‘ओसाड’ म्हणून झाडंही लावली गेली. मोकळ्या गवतात जगणाऱ्या पक्ष्याला झाडी कशाला हवी? आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते. आणि लक्षात घे, तिथे तुझ्या तारांनी नव्हे, आमच्यासारख्या भल्या माणसांच्या समजुतीनेही नुकसान झालं. नकाशावर एक रेघ मारून बाहेरचं सगळं विकायला काढलं की आतलंही टिकत नाही. ज्याची मिळकत मुलूखभर विखुरलेली आहे, त्याला चौकोनात बसवता येत नाही.

भाचा : तर मग नेमकं बोल. मी जागा बघायला जातो तेव्हा माझ्या तक्त्यात ऊन, उतार, रस्ता, उपकेंद्राचं अंतर आणि जमिनीची मालकी, एवढेच रकाने असतात. तू एक रकाना वाढव.

आत्या : दोन वाढवते. पहिला : बहुवर्षायू गवत किंवा खेजडी-नेपती मुळासकट शाबूत आहे का? असेल तर ती जमीन शेवटची. दुसरा : ओरण किंवा गुरांची वाट आहे का? असेल तर नाहीच. तुला जागा कमी नाही. कालव्यालगतच्या खारवट झालेल्या जमिनी आहेत, जिथे ट्रॅक्टरने सेवण आधीच संपवलंय अशी पडीक शेतं आहेत, छपरं आहेत, कालव्यांची पाठ आहे. गुजरातेत मेहसाण्याला कालव्यावर पॅनेल २०१२ सालीच बसली.

भाचा : बसली, पण महाग पडली. आणि पडीक शेतं म्हणतेस ती शेकडो खातेदारांची. एकेकाशी करार, एकेकाची वाटणी, एकेकाचा कोर्टात दावा. इकडे सरकारी नोंदीत पडीक असलेली जमीन एका सहीत हजारो बिघे मिळते. निविदेत दर युनिटामागे पैशाचा फरक असतो. माझा साहेब रकाना वाचेल, मान हलवेल आणि स्वस्त जागा निवडेल.

आत्या : म्हणजे बघ, इतका वेळ आपण ऊन आणि गवत यांची तुलना करत होतो. तुम्ही वाळवंटात आलात ते उन्हासाठी नाही. ऊन तर सोलापूरलाही आहे. तुम्ही आलात ते सातबारा रिकामा दिसतो म्हणून.

भाचा : उन्हासाठीही आलो, पण हो, स्वस्त जमिनीसाठी जास्त. आता माझं ऐक. जमीन स्वस्त आहे कारण तिची किंमत कुणी लावलेली नाही. गुराख्याचा चारा, सांगरी, थोपवून धरलेली वाळू, याचे रुपये काढून जिल्ह्याच्या कार्यालयात कुणी ठेवले, तर माझ्या तक्त्यात ती जागा आपोआप महाग होईल. तुम्ही प्राध्यापक लोक हे करत का नाही?

आत्या : करायला हवं. पण सगळंच रुपयांत बसेल असं मला वाटत नाही, आणि बसवलं की पुढचा माणूस जास्त रुपये देऊन ते घेऊन जाईल, ही भीती आहेच. तोवर निदान नोंदीतला ‘पडीक’ शब्द खोडून ‘गवताळ’ लिहिणं हाती आहे, आणि ओरणांची नोंद ओरण म्हणून करणं.

भाचा : तो अधिकार माझा नाही, तलाठ्याचा. पटवारी म्हणतात इकडे. रकाने मात्र माझ्या हातात आहेत. या आठवड्यात तीन जागांचा अहवाल जायचाय. त्यातली एक ही आहे.

आत्या : मग हिच्यासमोर काय लिहिणार?

भाचा : सेवण शाबूत, असं लिहीन. शिफारस नाही, हेही लिहीन. त्यांनी तरी घेतली तर ते लेखी विरोध असताना घेतील. तुला हवं तेवढं हे नाही, मला परवडतं त्यापेक्षा थोडं जास्त आहे.